सत्काराला गेले आणि पक्षात निघाले

१० जुलै, गुरुवार
संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, डोंबिवली पूर्वेच्या एका मंगल कार्यालयात, आमदार जयेंद्रने भर स्टेजवर माझ्या गळ्यात त्याच्या पक्षाचं उपरणं घातलं. वेळ पक्की आहे. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि भाषणांना कंटाळून मी त्याच्याकडेच बघत होते.

बोलावणं गुरुपौर्णिमेच्या सत्काराचं होतं. जन्मभर कल्याणच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. जयेंद्र तिथलाच एक विद्यार्थी, वर्गात कमी आणि कँटीनच्या टेबलावर उभा जास्त. शाल, नारळ, गुच्छ, सगळं रीतसर झालं. उतरायला वळले तर पायऱ्यांवर माणसांची रांग. त्यांचा पक्षप्रवेश! हॉल एकदाच घ्यावा लागावा म्हणून दोन्ही कार्यक्रम पाठोपाठ लावलेले. मी रांगेच्या तोंडाशी अडकले. जयेंद्रचा हात उपरण्यांच्या ताटात गेला आणि उपरणं माझ्या गळ्यात आलं. फ्लॅश. 'अरे, हे काय?' म्हटलं, पण बँजो सुरू झाला होता.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, सरळ उभी राहा आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोल. नेमकं तेच जमलं नाही.

११ जुलै, शुक्र.
सकाळपासून फोन घणघणतोय. सोसायटीच्या ग्रुपवर पेपरातल्या बातमीचं कात्रण: 'शिक्षणक्षेत्रातील मान्यवरांचा पक्षात जाहीर प्रवेश.' पहिलं नाव माझं. फोटोत मी तोंड उघडं टाकून उभी. विरोध करत होते, दिसतं आहे हसल्यासारखं.

पेंडसे जिन्यात भेटले. आमच्या अभ्यासिका बचाव समितीचे चिटणीस.
"अभिनंदन हं मॅडम. आधी सांगितलं असतंत तर पेढे तरी आणले असते."
"पेंडसे, मी सत्काराला गेले होते."
"हो हो. सगळे सत्कारालाच जातात."

त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पालिकेची अभ्यासिका धोकादायक ठरवून पाडायची आणि तिथे दुकानांचं संकुल उभं करायचं, हा घाट जयेंद्रचाच. १ ऑगस्टला हरकतींवर सुनावणी आहे आणि रहिवाशांतर्फे मी बोलायचं असं ठरलेलं. आता ज्याच्या विरुद्ध बोलायचं, त्याचंच उपरणं

पुढे लिहवत नाही.

१२ जुलै, शनि.
जयेंद्र फोन उचलत नाही. उचलतो तो संदेश, त्याचा पीए.
"साहेब अधिवेशनात आहेत मॅडम."
"आज शनिवार आहे."
"म्हणजे... त्या गडबडीत आहेत. तुम्ही टेन्शन घेऊ नका, फोटो एकदम छान आलाय."
मी फोन ठेवला. त्यानंतर त्याने तोच फोटो मोठा करून पाठवला.

१४ जुलै, सोम.
नौपाड्याला उषाकडे. धाकटी बहीण असून मोठीसारखी बोलते.
"अगं ताई, पण तू गेलीसच कशाला? त्याची धोरणं तुला ठाऊक होती ना?"
"बोलावलं. बरं वाटलं."
"शाली काय कमी आहेत का तुझ्याकडे!"
शालीचा प्रश्न नव्हता. निवृत्त झाल्यावर 'मॅडम, तुमच्यामुळे' असं म्हणणारी माणसं किती उरतात? हे उषाला सांगितलं नाही. तिने थालीपीठ केलं होतं, ते खाल्लं. परतताना रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

१५ जुलै, मंगळ.
झोप नीट नाही. जयेंद्रचाच विचार.

गावातल्या मिठागरवाल्यांचा मुलगा. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. विद्यार्थी संघटनेत आला तेव्हा माइक लागायचा नाही त्याला. त्या वेळी शहरात मुलांना बसून वाचायला जागा नव्हती. याने काय करावं? दगड नाही, घोषणा नाही. पोरं घेऊन पालिकेच्या पायऱ्यांवर बसला आणि सगळ्यांनी आपापली पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुणी अर्थशास्त्र, कुणी रसायन. रोज. साहेब लोकांना फोनवर बोलता येईना. शेवटी वैतागून अभ्यासिका मंजूर केली.

हीच ती अभ्यासिका. आता पाडायला निघालाय ती.

मधल्या काळात नगरसेवक झाला, मग स्थायी समितीत, मग आमदार. तीन पक्ष झाले. दर वेळी 'विकासासाठी'. दर वेळी मला वाटायचं, आत कुठेतरी तो पायऱ्यांवरचा मुलगा असेल. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

१७ जुलै, गुरु.
समितीची बैठक. मी गेले आणि बोलणं थांबलं. पेंडसे घसा खाकरून म्हणाले, "मॅडमनी सध्या जरा बाजूला राहावं असं काहींचं मत आहे."
"काहींची नावं सांगा."
सगळे छताकडे.

बाहेर विठ्ठलवाडीहून अभ्यासिकेत येणारी मुलगी भेटली, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. घरी एकच खोली, टीव्ही बंद होत नाही. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही खरंच तिकडे गेलात?"
नाही म्हटलं. तिने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

२० जुलै, रवि.
जयेंद्र आला. न कळवता. चपला बाहेर, वाकून नमस्कार, मिठाईचा बॉक्स. सोबतच्या चौघांना मी जिन्यातच थांबवलं.

"रागावलात मॅडम."
"रागवायचं वय गेलं माझं. तू खुलासा दे."
"आईशप्पथ, चुकून झालं. दिवसाला शंभर गळे असतात. हात सवयीनं जातो. मागे एका वास्तुशांतीला गेलेलो, तर भटजींनाच घातलं."

मला हसू आलं. अजून राग आहे त्या हसण्याचा.

"उपरणं हाताची सवय, मान्य. बातमीत माझं नाव पहिलं, ती कुणाची सवय?"

बराच वेळ चहा ढवळत बसला. साखर घेत नाही तो.

"मॅडम, खरं सांगू? तुमचं नाव बघून चार लोक गप्प बसतील असं वाटलं. आणि प्रवेशांचा आकडा वर कळवलाय. आता एक खोटा निघाला की म्हणतील जयेंद्रचे सगळेच तसले. विस्तार होईल म्हणतात. या वेळी नाही मिळालं मंत्रिपद, तर मग कधीच नाही."
"आणि अभ्यासिका?"
"देतो ना नवीन. एसी. तिसऱ्या मजल्यावर."
"तळमजल्यावर काय?"
"दुकानं."
"त्या पायऱ्यांवर कोण बसलं होतं रे?"
"मीच बसलेलो. तेव्हा मला कुणाला सांभाळायचं नव्हतं मॅडम. आता बाहेर उभे आहेत ना, तसे हजार आहेत."

केस काळेभोर रंगवलेत, कानाजवळ पांढरे डोकावतात. थकलाय तोही. कीव आली आणि तीही आवडली नाही.

उठताना म्हणाला, "मी तोंडी सांगतो सगळ्यांना. पेंडसेकाकांना आत्ता फोन लावतो."
"तोंडी नको. लेखी."
"तेवढं सोडून काहीही मागा."

मिठाई परत दिली. जिन्यातल्या चौघांनी तिथेच उघडली असावी, खालून हसण्याचे आवाज येत होते.

२३ जुलै, बुध.
समितीने वक्त्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. दुसरं कुणाचं घातलं नाही, कारण पुढे यायला कुणी तयार नाही. कुणाचा मुलगा पालिकेत, कुणाचं नळाचं काम अडलेलं. पेंडसे खालच्या आवाजात म्हणाले, "त्याच्या सहीचा खुलासा आणा मॅडम, त्या क्षणी तुमचं नाव घालतो. नाहीतर सुनावणीत त्यांचा वकील तो फोटोच पुढे करेल."

बरोबर बोलले. पहिल्यांदाच.

२८ जुलै, सोम.
आज सकाळी त्याच्या जनसंपर्क कार्यालयात स्वतः जाऊन पत्र दिलं. संदेशने "ठेवून जा" म्हटलं. पोच घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून बाकावर बसले. शिक्का सापडायला तास गेला. मजकूर इथे उतरवून ठेवते.

'चि. जयेंद्र,
मी तुझ्या पक्षात नाही, कधी नव्हते. १० जुलैला माझ्या संमतीशिवाय तसं दाखवलं गेलं, हे तुला ठाऊक आहे. माझ्या घरात बसून तू ते कबूलही केलंस. जिथे बातमी दिलीस तिथेच, तेवढ्याच जागेत, तुझ्या सहीने खुलासा दे. यात तुझं काय बिघडेल ते तू सांगितलंस, मी ऐकलं. माझं आणि त्या मुलांचं काय बिघडेल ते तुला सांगावं लागू नये.
अभ्यासिकेबद्दल आपलं एकमत होणार नाही. ते भांडण सुनावणीत, समोरासमोर करू. पण मला तिथे उभं तरी राहू दे.
द्यायचा नसेल तर 'देणार नाही' असं लिही. निरोप नको, फोन नको, संदेशला पाठवू नकोस. उत्तर लेखी हवं, तुझ्या हातचं, गुरुवार ३१ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत.'