पाचवं शील

प्रिय रवी,

जयभीम. काल तुझा फोन मी मधेच कापला, म्हणून रुसला असशील. रूस खुशाल. फोनवर माझा पारा चढतो आणि अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून हे कागदावर. इकडे आर्णीत कापसाची वेचणी लागली, दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे तुझ्या लग्नाचे पांढरे कपडे मी निवांत शिवून राह्यली. तुझ्या नवरीचं, शीलाचं, ब्लाउज झालं. बाबांच्या सदऱ्याला साधी बटणं नाही, टिचबटणं लावली. त्यांचे हात नाचतात, बटण काजात जात नाही.

हो, बाबांचा सदरा! लग्नाच्या दिवशी बाबांना उमरखेडला आत्याकडे ठेवायचं, मंगलविधीला यवतमाळहून दुसरे बौद्धाचार्य आणायचे, म्हणजे शीलाकडच्या मारेगावच्या पाहुण्यांना काही दिसणार नाही, असं तू म्हणालास. अरे, ज्या माणसानं या तालुक्यातली निम्मी लग्नं लावली, त्यालेच पोराच्या लग्नात लपवायचं? कायले?

ती पौर्णिमा आठवते का? विहारात बाबा पंचशील देत होते. पाचव्या शीलावर, नेमकं दारू न पिण्याच्याच, त्यांचा तोल गेला आणि मागून कोणीतरी फिसकन हसलं. जन्मात ज्यानं थेंब घेतला नाही त्या माणसावर! विहाराच्या कमिटीनं आराम करा म्हणत त्यांच्या हातून माइक काढून घेतला. आई रोज संध्याकाळी त्यांचं तोंड हुंगायची, आणि वास नाही आला की जास्तच भडकायची, पिऊन वर लपवतात म्हणून. आपल्या आजोबांच्या पिढीनं दारू सोडली त्याचा आपल्याला केवढा अभिमान! पण त्यापायी डुलणारा माणूस दिसला की आपल्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही. बाबा कोणाशीच भांडले नाहीत, नुसते विहारात जायचे बंद झाले.

मग नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, हंटिंग्टन. एका जीनमध्ये तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांच्याच येतात, बाबांच्या फार वेळा आली. कार्यक्रमाआधी आपला साउंडवाला शाम माइकवर हॅलो चेक, हॅलो चेक करतो ना? दोन-चारदा ठीक. पण तो थांबलाच नाही तर पुढचा कार्यक्रमच बोंबलतो, तसं. मेंदू हळूहळू झिजतो, हातपाय ऐकत नाहीत, आजार मुळातून बरा करणारं औषध अजून नाही. आणि लेकरांत उतरायची शक्यता निम्मी. हे ऐकताना तू खिडकीबाहेर पाहत होतास.

तुला तपासणी नको, तो तुझा हक्क. त्यावर मी कधी एक शब्द बोलणार नाही. पण शीलाला अंधारात ठेवायचा हक्क तुला कोणी दिला? ती पोरगी तुझ्या भरवशावर संसार मांडून राह्यली, उद्या लेकरंबाळं होतील. बाबांना लपवणं म्हणजे सरळ तिला फसवणं. मला राग आहे तो याचा.

आता ज्यासाठी लिहायला बसली ते. मी तपासणी केली, रिपोर्ट आला. मलेही आहे. पहिल्या दिवशी मशीनवर डोकं ठेवून खूप रडली. मग उठली आणि बाबांचा सदरा पुरा केला. आईला सांगितलं तेव्हा ती तडक बाबांजवळ गेली आणि तो सदरा अंगात घालून एकेक टिचबटण तिनंच लावलं. रविवारी विहारात वंदनेनंतर मी माइक मागणार आहे. नाही दिला तर माइकशिवाय बोलीन. बळीराम बाबा प्यायले नव्हते, हे सगळ्यांना सांगणार, आणि उद्या मी डुलली तर माझं तोंड कोणी हुंगायचं नाही, हेही. संध्याकाळपर्यंत ते मारेगावला पोचेल, म्हणून त्याआधी शीलाला तू सांग, तुझ्या तोंडानं. तिनं ऐकूनही हो म्हटलं तर लग्न बाबाच लावतील. जीभ अडखळली तर अडखळू दे, मी शेजारी उभी राहीन. तू रविवारी ये. माझ्याजवळ उभा राह, नाहीतर मागे हसणाऱ्यांत जाऊन उभा राह.

तुझीच, अजून तरी सरळ उभी असलेली
उर्वशीताई