शिंगाड्याची रास

ओढ्याकाठचं घर
मे महिन्यातला तिसरा सोमवार

चि. डेल्फियास,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत, कोंबड्या माझ्यापेक्षा आणि गुडघ्यांपेक्षाही बऱ्या आहेत. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, म्हणजे लागेल. मी बोलते तसंच लिहिते, शाळेने तेवढंच शिकवलं.

तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले. मालक घर विकतोय, उन्हाळ्यात जागा सोडायची आहे, तर तू, गार्नेट, तुझी दोन पोरं आणि त्याच्या दोन मुली अशा सगळ्यांनी इथे येऊन राहावं का, असं तू विचारलंस. मी उत्तर दिलं नाही. हे घर माझ्या लेकाने, हार्लिनने, जुन्याच्या जागी नवं बांधलं. त्याच्या मागे त्याच्या टेबलाशी त्याच्या बायकोचा दुसरा नवरा जेवायला बसणार, हा घास माझ्या घशाखाली उतरत नाही. लग्नालाही मी आले नाही, ते काही गुडघ्यांमुळे नाही.

ते राहू दे. आधी कालचं सांगते. काल गार्नेट घरी परतला तेव्हा त्याच्या पायात कुणाचे बूट होते, ते तू ओळखलंच असशील. त्याला विचारू नकोस. त्या माणसाला धड काही सांगता येत नाही.

चर्चहून आले तर हा दारात, ट्रक आणि फावडं घेऊन. म्हणाला, "ऑर्फामावशी, पावसाने तुमची वाट खचलीय, खड्डे भरून देतो." उत्तर विचारायला आला होता, हे मला न कळायला मी काय दूधखुळी? पण विचारलं नाही त्याने. मी म्हटलं, भर.

मी घेवडा आणि मक्याचा पाव गरम करून बाहेर आले तर खड्ड्यांत काय सुरेख गोटे! सगळे एका मापाचे, धुतलेले, कुणी हाताने वेचावेत तसे.

"हे कुठून आणलेस रे?"

"ओढ्यातून. तुमच्या फळीच्या पुलाखाली कुणीतरी निवडून रासच घालून ठेवलीय. आयती!"

"कुणीतरी नाही. ती शिंगाड्याची आहे."

बिचाऱ्याचा चेहरा पडला. "कुठे राहतो हा शिंगाड्या? मी आत्ता जाऊन माफी मागून येतो."

"पाण्यात राहतो, मूर्खा. मासा आहे तो."

समुद्राकाठच्या सपाट मुलखातला माणूस, त्याला काय ठाऊक! आपण वर्षभर ओढ्याचे गोटे उपसून वाटा भरतो, पण मे महिन्यात त्या राशीला रांगतं पोरसुद्धा हात लावत नाही. टीचभर मासा, डोक्यावर काटे, आणि तोंडात एकेक गोटा धरून अंडी ठेवायला रास रचतो. गार्नेट बादली घेऊन, बुटांसकट, त्या बर्फासारख्या पाण्यात शिरला आणि गोटे परत रचायला लागला.

"ये वर," मी ओरडले. "तू रचलेलं त्याला चालायचं नाही. मला तरी सुनेच्या हातचं कुठे चालायचं?"

हसला. तुझ्याच घरी ऐकलं असेल त्याने हे. मग फळीवर पालथा पडून खाली बघत राहिला. तो मासा काही परत येत नाही, हे त्याला ऐकवायचं म्हणून मी पण बसले. बसून दिसेना, म्हणून शेवटी मीही पालथी पडले. हसू नकोस.

हार्लिन लहानपणी तिथेच पडलेला असायचा. मी दारातून डाव हातात घेऊन ओरडायची, जेवण निवतंय म्हणून. एकदाही जाऊन बघितलं नाही, हा पोरगा बघतो तरी काय. या ओढ्यात मी कपडे धुतले, दुधाच्या बरण्या गार केल्या, कोंबड्या साफ केल्या. शिंगाड्या मी बघितला तो मक्याच्या पिठात घोळलेला.

तो आला. निळं डोकं. मोकळ्या जागेभोवती फिरला, थांबला. मला वाटलं, गेला आता. गेलाच. आणि आपल्या डोक्याएवढा गोटा तोंडात घेऊन आला, ठेवला, पुन्हा निघाला. मग तेवढाच दुसरा शिंगाड्या आला. मी म्हटलं, "आता बघ मारामारी." दोघं अंगाला अंग लावून पोहले, एकमेकांना रेटलं, आणि मग, डेल्फिया, दोघंही गोटे आणायला गेले!

ऊन डोंगरामागे जायच्या आत रास वर आली होती. आणि कुणी सांगितलं कोण जाणे, लालपोटे आले. बोटाएवढे मासे, पिवळ्या परांचे. त्यांच्यामागून ते चांदीसारखे चमकणारे. पाण्याखाली कुणी निखारे ओतावेत तशी ती रास पेटली. सगळे त्याच गोट्यांत अंडी घालताहेत, आणि शिंगाडे त्यांच्यामधून वाट काढत गोटे आणताहेत, सगळ्यांच्याच अंड्यांवर पांघरूण घालताहेत. देवच समोर आल्यासारखं वाटलं. चर्चमध्ये इतकी वर्षं मान खाली घालून जे झालं नाही, ते इथे पोटावर पडून झालं.

गार्नेट कुजबुजला, "मावशी, तो यांना हाकलत का नाही?"

"हार्लिन सांगायचा, अंडी खायला चोर येतात. सगळ्यांची मिसळली की त्याची स्वतःची कमी जातात."

"म्हणजे त्याचाही फायदा आहे?"

"मग? उगाच कोण राबतं?"

"मला वाटलं, तो फार चांगला असेल."

"चांगला नाही. शहाणा आहे."

त्यावर त्याने पायातले भिजलेले बूट उपसून काढले.

उठला तेव्हा पाय निळे पडले होते. दारामागचे बूट मी त्याच्यापुढे टाकले. कुणाचे ते त्याला कळलं. हातात धरून उभाच राहिला. मी म्हटलं, "बघतोस काय? आत उंदीर नाहीये." मग घातले. बरोब्बर बसले. बसले याचाच मला राग आला.

आज उजाडताच पुन्हा फळीवर गेले. रास कालच्यापेक्षा उंच. या वयात तोंड उघडं टाकून पडून राहिले, कोंबड्या उपाशी ओरडत होत्या तरी भान नाही.

माशांकडून धडे घ्यायची माझी सवय नाही. ते आपलीच अंडीसुद्धा खातात. पण माडीवरची खोली मी झाडून घेतली आहे. मुली तिथे, मुलगे खाली, आणि टेबल भिंतीपासून ओढलं की सगळे मावतात. येताना ट्रक ओढ्यातून आणायचा नाही, पलीकडेच ठेवायचा. जून सरेपर्यंत गाद्या, भांडी, सगळं डोक्यावरून फळीने आणायचं. कुणाचा पाय पाण्यात दिसला तर मी दारात उभी आहेच.

गार्नेट ते बूट पुसून, कागदात बांधून परत पाठवेल, तसाच दिसतो. पाठवू देऊ नकोस. घालून यायला सांग.

तुझी सासू,
आणि आता त्याचीही, इलाज नाही,
ऑर्फा