मशीनच्या तोंडी मावशीचं नाव

ब्राह्मणपारा, रायपूर
८ जानेवारी २०२६

चि. अनुश्रीस,
वनमालामावशीचे अ. आ. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नको, कोणी गेलं नाही. टपालानं लिहून राहिली कारण परागनं माझ्या फोनातलं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या बंगलोरच्या कम्प्युटरले जोडून ठेवलं आहे, माझ्या सुरक्षेसाठी म्हणे. मी कांताबाईले मेथी आण म्हणून लिहिलं तरी तिकडे पोट्ट्याले दिसते. आणि ही गोष्ट नेमकी त्याच्यापासून लपवायची आहे.

भादव्यात मी दुकानात स्टुलावरून पडली ते तुले माहीत आहे. वरच्या फळीवरचा साड्यांचा गठ्ठा काढाले गेली आणि गठ्ठ्यासकट खाली आली. तासभर तशीच पडून होती, कोणाले पत्ता नाही. तेव्हापासून परागचं एकच टुमणं, दुकान बंद कर आणि बंगलोरले ये. मी त्याले म्हटलं की पंचवीस वर्षं रायपूरच्या मराठी नवऱ्या माझी शिवलेली नऊवारी नेसून बोहल्यावर उभ्या राहिल्या, आता त्यांच्या पोरींची वेळ आली तर मी तुझ्या बाल्कनीत कायले बसू. तर तो हिंदीत म्हणे (मराठी सगळी समजते त्याले, बोलाले लाज वाटते) की आजकाल गल्लीत कोणी विचारत नाही, सगळे एआयले विचारतात, आणि त्यानं विचारून पाहिलं तर माझं नावच आलं नाही. तिथं नाव नाही म्हणजे दुकानच नाही.

मले आला राग, आणि रागात मी शर्त लावून बसली. पाडव्याले तो आपल्या फोनवर विचारणार, रायपुरात शिवलेली नऊवारी कुठं चांगली मिळते. माझं नाव आलं तर दुकान सोडायचा विषय बंद. नाही आलं तर शटर खाली आणि मी बंगलोरले.

तू नागपुरात लोकांच्या वेबसाइटी बनवते. माझीही एक आहे, परागनं दोन वर्षांपूर्वी बनवून दिलेली, मी स्वतः कधी उघडली नाही. आता तूच पाहा बाई. मले बंगलोरले जायचं नाही. सून चांगली आहे, पण तिथं मी पाहुणी आहो आणि इथं मालकीण.

मावशीवर जीव आहे तसाच राहू दे, उत्तर मात्र लवकर दे.
तुझी,
वनमालामावशी

नागपूर
१५ जानेवारी २०२६

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी वेबसाइट उघडली आणि ऑफिसात सगळ्यांना दाखवली. परागदादानं लग्नपत्रिकेसारखं एक चित्र करून ठेवलंय. वर गणपती, खाली झेंडूचं तोरण, मध्ये तुझं नाव आणि पत्ता इतक्या वळणदार अक्षरात की मलाच नीट वाचता आला नाही. अगं, हे एआय लिहिलेलं वाचून लोकांना सांगतं. चित्रातल्या तोरणाचं ते काय करणार? तुझ्या दुकानाबद्दल वाचण्यासारखी इंटरनेटवर एक ओळ नाही, मग ते नाव कुठून घेईल?

तेव्हा आता साध्या मराठीत आणि साध्या हिंदीत पान लिहायचं. तू कोण, दुकान कुठे, काय शिवतेस, किती दिवस लागतात, कधी उघडं असतं. गिऱ्हाईक येऊन जे विचारतं ते प्रश्न आणि तू देतेस ती उत्तरं. तू कागदावर लिहून पाठव, पानावर चढवायचं काम माझं. तुझा शब्द बदलणार नाही, वचन देते. दुसरं म्हणजे इतरांनी तुझ्याबद्दल लिहायला हवं. आपल्यापेक्षा दुसऱ्याच्या बोलण्याला मशीनकडेही जास्त वजन असतं. एवढं करूनही नाव येईलच असं नाही. हमखास आणून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

आणि एक बोलते, रागावू नकोस. परागदादाची शर्त मूर्खपणाची आहे, भीती मूर्खपणाची नाही. त्या तासाभराचं ऐकून मी पण रडले होते.

आहे तो जिव्हाळा असू दे, थोडा मलाही राखून ठेव.
तुझी,
अनुश्री

नागपूर
९ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला आणि वचन दिल्याप्रमाणे जसाच्या तसा चढवला. त्याबद्दल स्वतःला दोन थोबाडीत मारून घेतल्या आहेत.

तू लिहिलंस की आमचं दुकान ते काय, एक खोली. फार काही येतं असं नाही, वेडंवाकडं जमेल तसं शिवते. उणंदुणं राहील ते सांभाळून घ्यावं. माणसाने हे वाचलं तर तो म्हणेल, बाई किती नम्र. मशीन काय म्हणालं ऐक. मी विचारलं तेव्हा ते म्हणालं की ब्राह्मणपाऱ्यात वनमाला खानझोडे यांचं एक दुकान आहे, परंतु मालकिणीच्याच सांगण्यानुसार तिथे शिवण वाकडी येण्याची शक्यता आहे, म्हणून दुसरीकडे चौकशी करावी. नाव आलं म्हणून नाचू नकोस. हे पाडव्याला परागदादाने वाचलं तर तो त्याच संध्याकाळचं तिकीट काढेल.

तेव्हा पुन्हा लिही. ह्या वेळी लाजायचं नाही. तुझा काष्टा दिवसभर नाचलं तरी सुटत नाही, हे लिही. पिन लागत नाही, हे लिही. खरं तेच लिहायचं आहे, फक्त तोंड भरून लिही. आणि प्रश्नोत्तरं राहिली आहेत ती धाड.

मायेत खंड नको, कागदात उशीर नको.
तुझी,
अनुश्री

ब्राह्मणपारा, रायपूर
१६ फेब्रुवारी २०२६

चि. अनुश्रीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मशीनचा राग आला आणि माझा जास्त आला. पण काय करू सांग. तुझ्या आजीनं आम्हा बहिणींले हेच शिकवलं. पाहुण्यानं पुरणपोळीले चांगलं म्हटलं की आपण म्हणायचं, आज जरा बिघडलीच. साठ वर्षं हे बोलून जीभ तशीच वळली. माझा काष्टा सुटत नाही असं मी स्वतः लिहू का? कोणी वाचलं तर म्हणेल बुढीले गर्व चढला. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी काष्टा बरा बसतो असं लिहून राहिली, ह्याच्यापुढे माझ्याच्यानं होत नाही.

प्रश्नोत्तरं मात्र भरपूर आहेत, ती रोजचीच आहेत. दोन दिवसांत शिवून मिळेल का? उत्तर, आठ दिवस लागतात, लग्न काल रात्री ठरलं का. दुपारी दुकान उघडं असते का? उत्तर, एक ते चार नाही, मी माणूस आहो. माप फोनवर पाठवलं तर चालेल का? उत्तर, नाही, सगळ्या बायका फोनवर बारीक असतात.

एक प्रश्न नेहमी येते, पोटुशी बाई असेल किंवा गुडघे दुखणारी असेल तर काय. त्याले मी लिहिलं की तिनं इथल्याच पंडरी बाजारात रीना गजभियेकडे जावं. तिची इलास्टिकच्या कमरेची नऊवारी माझ्या नाड्यापेक्षा सोयीची, आणि तिचा हात माझ्याहून साफ आहे.

रीना तुले आठवत असेल, गुढियारीची, तिचे बाबा रेल्वेत होते. बारा वर्षं माझ्याकडे होती, मीच शिकवली. सहा वर्षांपूर्वी तिनं पहिली इलास्टिकवाली शिवून दाखवली तर मी भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हटलं की ही नाटकातली नऊवारी आहे. ती त्याच दिवशी आपली कैची घेऊन निघून गेली आणि पंडरीत दुकान टाकलं. तेव्हापासून बोलणं नाही. पण म्हणून गिऱ्हाइकाले खोटं कसं सांगू? पोटुशी बाई माझ्या नाड्यात गुदमरते, हे मले दिसते.

थंडी गेली, तू स्वेटर आत ठेवलं असशीलच, तरी सांगते ठेवू नको.
तुझी,
वनमालामावशी

नागपूर
२ मार्च २०२६

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

बसून वाच. पान चढवलं, आठ दिवस थांबले आणि वेगवेगळ्या तीन एआयना विचारलं. तिघांनी सांगितलं की रायपुरात शिवलेल्या नऊवारीसाठी पंडरीत रीना गजभिये यांच्याकडे जावं. का, तर ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या जाणकार वनमाला खानझोडे स्वतः म्हणतात की रीनाचा हात त्यांच्याहून साफ आहे. अभिनंदन. महिनाभर खपून आपण तुझ्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात केली, तीही फुकट.

पाडवा एकोणीस तारखेला आहे. ते एक उत्तर पानावरून काढलं तर अजून वेळ आहे. बाकीची उत्तरं लोकांना आवडताहेत, ते फोनवरच्या मापाचं तर ऑफिसात भिंतीवर लावलंय. मी वचन दिलं म्हणून हात लावत नाही, पण दोन ओळींचं कार्ड टाक, लगेच काढते. मावशी, तुझं दुकान पणाला लागलंय, ह्या वेळी थोडी स्वार्थी हो.

रागावलीस तरी चालेल, पण प्रेम कमी करू नकोस.
तुझी,
अनुश्री

ब्राह्मणपारा, रायपूर
१० मार्च २०२६

चि. अनुश्रीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कार्ड लिहाले घेतलं होतं, खरं सांगते. काढून टाक, एवढंच लिहायचं होतं. पेन हातात घेऊन बसली आणि होईना. ते लिहिलेलं खरं आहे. मग कार्ड तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी रीना दारात उभी.

झालं असं की एका नवरीची मामी तिच्याकडे फोन घेऊन गेली आणि मशीनचं उत्तर वाचून दाखवलं. रीनाले वाटलं माझ्या नावानं कोणीतरी थट्टा केली. स्कूटीवर बसून तडक इथं आली, चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली आणि विचारलं की हे कोणी लिहिलं. मी म्हटलं, मीच. ती म्हणे, समोर असताना बारा वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं मॅडम. आणि पायरीवर बसून रडाले लागली. दुकानात दोन बायका ब्लाउजचं माप द्याले आलेल्या, त्याही थांबल्या. मी तिले पाणी दिलं आणि त्या दोघींसमोरच म्हटलं की नाटकातली म्हटलं ते माझं चुकलं. भरल्या दुकानात बोलली होती, म्हणून भरल्या दुकानातच मागं घेतलं. अनुश्री, सहा वर्षं छातीवर होतं ते उतरलं. मी पण रडली.

मग तिले कोणीतरी माझ्या पडण्याचं सांगतलं, तर रडणं सोडून तिनं मलेच झापलं. वरच्या फळीवरचे सगळे गठ्ठे खाली आणले. स्टूल उचलून स्कूटीवर बांधून घेऊन गेली. आता आपलं दुकान बंद करून रोज सात वाजता इथं येते, फेरा पडते तरी येते. तिच्या गिऱ्हाइकाचे काष्टे माझ्याकडून घालून घेते, मले इलास्टिक शिकवून राहिली. मी वाकडं शिवलं की म्हणते, सांभाळून घ्यावं का मॅडम. तुझ्या त्या पहिल्या पानाचं मी तिले सांगतलं, ते तिनं तोंडपाठ केलं आहे.

तिनंही आपल्या वेबसाइटवर काहीतरी लिहिलं म्हणे. विचारलं तर दाखवत नाही. ते उत्तर मात्र तू काढू नको. शर्त हरली तर हरली, बॅग भरते. रीनाचं नाव पुसून माझं नाव आणायचं असेल तर मले नको.

आशीर्वाद आहेतच, ते शर्तीवर अवलंबून नाहीत.
तुझी,
वनमालामावशी

बंगलोर
२० मार्च २०२६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

वरचं इतकं अनुश्रीनं फोनवर सांगून लिहवून घेतलं. पुढचं माझं आहे, चुका असतील.

काल पाडव्याला मी विचारलं. उत्तर आलं की रायपुरात दोन नावं आहेत, आणि पहिलं तुझं. सोबत रीनादीदीच्या पानावरचं सांगितलं. तिने लिहिलंय की काष्टा घालणं मी वनमाला मॅडमकडे शिकले, त्यांचा काष्टा दिवसभर पिनेशिवाय बसतो, तसा माझा अजून बसत नाही, म्हणून नवरीसाठी आधी त्यांच्याकडे जा. शेवटी होतं की रोज संध्याकाळी सातनंतर मी पण तिथेच भेटेन, आणि तिचा नंबर.

मी नंबर लावला. मी कोण हे सांगायच्या आधीच आवाज ओळखून ती म्हणाली की मॅडम ठीक आहेत, आज जेवण कमी केलं, मी ओरडले. आई, मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन बसलो, बाहेर मीटिंग चालू होती. मला मशीनचं काही पडलं नव्हतं. तू पडलीस आणि एक तास कोणाला माहीत नव्हतं, मला तेवढंच दिसत होतं, रोज. शर्त मी हरलो. इतकं बरं मला जिंकूनही वाटलं नसतं.

मग मी त्याला अजून एक विचारलं. आई एकटी राहते, पडली होती, दुकान सोडत नाही, मुलाने काय करावं. त्याने बारा गोष्टी सांगितल्या. बाथरूमला हँडल लावा, घंटी लावा, पायरीला पट्टी लावा, असं. अकरा मी भादव्यातच मागवून पाठवल्या होत्या. पहिली राहिली होती. पहिली होती की आईला काय हवं ते आईला विचारा.

म्हणून विचारतो. तुला काय हवं?

उत्तर पत्रानेच दे, मी वाट पाहतो. चुका तपासून पाठवल्यास तरी चालेल.
तुझा,
पराग

ब्राह्मणपारा, रायपूर
२७ मार्च २०२६

चि. परागस,
अ. आ. वि. वि.

मराठी छान लिहिली. मी चुका पाहिल्याच नाहीत, तीन वेळा वाचलं तरी.

तुझे बाबा गेल्यापासून मले काय पाहिजे हे कोणी विचारलंच नव्हतं. तुझ्या अकरा वस्तू खोक्यातच पडल्या आहेत, एकही लावली नाही, लावल्या म्हणून खोटं बोलली होती. लावाले कोणी नाही असं नाही, रीना म्हणे मी लावते. मी तिले हात लावू दिला नाही.

मले तू पाहिजे, चार दिवस का होईना, इथं.

तुझी,
आई