बाहेरून लावलेली कडी

ताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाहीये, म्हणून मनातलं लिहिते.

काल मला वृद्धाश्रमातून काढलं. परवाना नव्याने घ्यायचा म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चौकशी झाली. त्यात माझा नऊ वर्षांपूर्वीचा गुन्हा निघाला: आजारी आईला घरात कोंडून ठेवणे.

तुला आठवत असेलच, तक्रार तूच केली होतीस. आईला घरचा पत्ताही आठवेनासा झाला होता, दार उघडं दिसलं की ती रस्त्यावर. म्हणून कामावर जाताना मी बाहेरून कडी लावायचे. तू वर्षाने एकदा आलीस, आणि तुला तेवढी कडीच दिसली. कोर्टात वकील म्हणाले, "कबूल करून टाका, तासाभरात घरी जाल." आईच्या जेवणाची वेळ टळत होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही. मी हो म्हणाले.

गंमत बघ, आश्रमातही आईसारख्या विसर पडलेल्या आजीआजोबांच्या मजल्याला बाहेरूनच कडी असते. फक्त त्या कडीला परवाना आहे.

सहा नंबरच्या आजींना भरवते आणि जाते म्हटलं, तर मॅनेजरबाई म्हणाल्या, "आता तुम्हाला आत सोडता येणार नाही." वाटी माझ्या हातातच राहिली. मग कागद चाळत त्यांनी विचारलं, "ही तक्रार करणारी कोण हो तुमची?"

"शेजारीण," मी म्हणाले.

खोटं बोलले गं. शेजारीण तर रोज खिडकीतून आईशी गप्पा मारायची.

तुझी,
धाकटी