शेवटच्या फांदीची तार

ठमे,

तुझं जुनिपरचं बोन्साय मेलं. मीच मारलं. सात वर्षं तारा गुंडाळून, शेंडे खुडून तू त्या खोडाला वळण लावलंस आणि जाताना मला बजावलंस, "बाबा, माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही." पण तू गेल्यावर घरात बोलायला दुसरं होतं कोण? रोज सकाळी झारी घेऊन त्याच्यापाशी बसायचो, आणि बसलो की हात चालायचाच. मुळं कुजली.

नर्सरीवाल्याने नखाने साल खरवडून दाखवली. आत सगळं तपकिरी. म्हणाला, "काका, हे झाड मेल्यावरही दोन-तीन महिने हिरवं दिसतं." मी उगाच त्याच्यावर खेकसलो.

फोनवर तू विचारतेस, "झाड कसं आहे?" मी म्हणतो, "हिरवंगार!" तसं ते खोटं नाही.

तूच म्हणाली होतीस, शेवटच्या फांदीची तार काढायला मी स्वतः येईन, तोवर कुणी हात लावायचा नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. तार तशीच आहे. पानं पिवळी पडेपर्यंत तरी तुला यायला कारण आहे.

तुझा पाणक्या,
बाबा