मागच्या चाकाखालची ओल

एकलहरे कॉलनी, नाशिक रोड
१७ जून २००७

प्रिय नूरआपा,

सलाम. निसारभाई, उमर, अरफा सगळे खुशाल असाल. हे पत्र अरफाकडून वाचून घ्या. तिचं मराठी छान होतं. तुमचा मालेगावचा पत्ता भिका टायरवाल्यानं दिला. साडेसात वर्षांनी हिला आताच कशी आठवण झाली, असं मनात येईल. येऊ द्या.

इकडची खबर म्हणजे हे मेअखेर निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं आहे, अर्धं सामान बांधून झालंय. शुभांगीला मुलगी झाली. माझा पाय आहे तसाच. गुडघा वाकत नाही, म्हणून खाली बसता येत नाही. पोळ्यासुद्धा उभ्यानंच लाटते.

काल ट्रंकेच्या तळाशी ते निळे पडदे निघाले. ट्रकच्या खिडक्यांसाठी तुमच्या मशीनवर आपण दोघींनी शिवलेले.

पाच वर्षं आपल्या दोन्ही घरांचे रविवार त्या ट्रकनं खाल्ले. यांनी लिलावातून तो जुना लष्करी ट्रक आणला, तेव्हा त्याच्या टपावर गवत उगवलेलं होतं. नवी जीप घ्यायची ऐपत नव्हती, आणि जिथं रस्ता संपतो तिथून पुढं बायकापोरांना घेऊन जायचं हे यांचं वेड. निसारभाईंनी तुमच्या गॅरेजमागं तो नटबोल्टपर्यंत उघडला. मोडीतल्या बसची बाकं आणून झोपायची सोय केली, पिंपाची पाण्याची टाकी केली, स्टोव्हला पत्र्याचा आडोसा केला. आपण दोघी पॉलिशपेपरनं गंज घासत बसायचो. "भाभी, ही गाडी नाही, आपल्या दोघींची सवत आहे," असं तुम्ही म्हणायचात, आणि हसून हसून आपल्या हातातला कागद गळून पडायचा.

मी तेव्हा हसायचे, पण मनात त्या सहलीशिवाय दुसरं काही नव्हतं. लग्नानंतर माझं फिरणं म्हणजे बारशी आणि दहावे. सहल चार वेळा ठरली आणि चार वेळा मोडली. कधी यांची ड्यूटी, कधी सासूबाईंचं आजारपण. पाचव्यांदा ठरली ती डिसेंबर नव्व्याण्णवमध्ये, सुरगाण्याच्या डोंगरात. तुमच्याकडे लग्न होतं, म्हणून तुम्ही येणार नव्हता. देवाची कृपा म्हणायची.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. घाट उतरताना ब्रेक लागेना. यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून आम्ही वाचलो. माझ्या बाजूचा दरवाजा आत आला आणि पाय त्यात सापडला. शुभांगीच्या कपाळाला टाके पडले.

निसारभाई दवाखान्यात धावत आले होते. दारातूनच म्हणाले, "भाभी, मी समाधानला सांगितलं होतं, घाट करू नको म्हणून." मी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर यांनी पोलिसांना, कॉलनीला, सगळ्यांना सांगितलं की मिस्त्रीनं काम कच्चं केलं आणि आता खोटं बोलतोय. कॉलनीतली एकही स्कूटर पुन्हा तुमच्या गॅरेजात गेली नाही. वर्षाच्या आत तुम्ही नाशिक सोडलंत. आता निसारभाई दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली काम करतात, असं भिका म्हणाला.

मे महिन्यात यांचा निरोपसमारंभ झाला. भाषणात यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. "आमच्या मिस्त्रीनं तर आम्हाला थेट वरच पाठवलं होतं!" हॉल हसला. मी पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले होते. लोक माझ्याकडे बघून हळहळले.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. साडेसात वर्षं जे कुणाला बोलले नव्हते, ते.

आपा, निघायच्या दिवशी सकाळी मी डबे ठेवायला गेले, तेव्हा मागच्या डाव्या चाकाखाली ओल दिसली. बोट लावलं. पाणी नव्हतं, तेलकट होतं. पाच वर्षं त्या गाडीखाली बसलेली बाई मी. ते ब्रेकचं ऑइल आहे हे मला कळलं. यांना हाक मारायला तोंडही उघडलं. मग वाटलं, सांगितलं की आजही जाणं रद्द. मी चपलेनं त्यावर माती सारली आणि गाडीत जाऊन बसले.

हे ऐकून हे ओरडतील असं मला वाटलं होतं. हे शांतपणे टाय सोडत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं. निसारनं दोन दिवस आधीच सांगितलं होतं, त्या चाकाचं सिलिंडर पाझरतंय. नवा पार्ट येईपर्यंत थांब म्हणाला. मला वाटलं, हळू नेऊ."

"मग त्यांचं नाव का घेतलंत?"

"तुझा पाय बघून माझं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. आणि आता उकरून काय होणार? झालं ते झालं. तू गप्प बस."

शुभांगीला फोन केला. तीही म्हणाली, "आई, आता कशाला? बाबांच्या वयाचा तरी विचार कर."

निसारभाईंच्या वयाचा विचार कुणी केला, हे मी तिला विचारलं नाही. मी स्वतः तरी कुठं केला होता? यांनी खोटं सांगितलं, पण ते टिकलं माझ्या गप्प बसण्यावर. माझा पाय बघितला की लोक आणखी काही विचारायचेच नाहीत.

माफी मागत नाही. तुम्ही भल्या आहात, द्याल, आणि मला मोकळं वाटेल. ते मला नको. हे पत्र निसारभाईंनाही ऐकवा. त्यांना वाटलं तर भिकाला, जुन्या गिऱ्हाइकांना, कुणालाही दाखवा. हे चिडतील, बोलणं टाकतील. टाकू देत. कुणी विचारायला आलं, तर मी दारात उभी राहून हेच सांगेन.

चिठ्ठीखाली मी नेहमी नुसतं 'तुमची भाभी' लिहायचे. त्याचा आज कुणाला उपयोग नाही, म्हणून कागदोपत्री असतं तसं पूर्ण नाव लिहून सही करते आहे.

सौ. भाग्यश्री समाधान जगझाप