कै. भागीरथाबाईंचे ताट

५ जानेवारी
मार्चपासून इथे एक ओळही नाही, माफी असावी. जूनमध्ये एकदा लिहिले होते, पण ते गॅस सिलिंडरविषयी होते. ते धरत नाही. आता रोज लिहीन. रागिणी उद्या स्काउट-गाइडच्या मोठ्या कॅम्पला चालली आहे. चांदूर बाजारजवळ, तंबूत, तीन हजार मुले. बारा वर्षांची पोरगी, घराबाहेर कधी एक रात्र झोपलेली नाही. मी शांत आहे.

शाळेची सूचना: ताटावर नाव असावे. घरात नाव घातलेले ताट एकच. 'कै. भागीरथाबाई यांचे स्मरणार्थ'. सासूबाईंच्या तेरवीला वाटलेले. साधना म्हणाली, अहो, दुसऱ्या ताटावर मार्करने रागिणीचे नाव टाका की. मार्कर घासल्यावर निघतो. शिवाय नाव कोणाचे असावे, हे सूचनेत नाही. तेच दिले.

६ जानेवारी
बस गेली. रागिणीने मागे वळून पाहिले नाही. डोळ्यांत पाणी असावे. (तिच्या.)

संध्याकाळी बार्शीटाकळीहून साधनाच्या भावाचा, खुशालरावांचा फोन. म्हणे, "काहून जावईबुवा, पोरगी कॅम्पले गेली का तुमाले पाठवलं? आवाज काहून बसला?" मागे कोणीतरी हसले. ठरवले: या माणसाच्या घरी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आणि काही मागणार तर मुळीच नाही.

८ जानेवारी
कॅम्पमध्ये मुलांना मोबाइल बंदी. हे पालकांना आधी सांगायला हवे होते. (सांगितले होते. पण ठळक अक्षरांत नव्हते.) उद्या लायब्ररीतून सुट्टी. अमरावतीला काम आहे. कोणते, ते सकाळपर्यंत आठवेल.

९ जानेवारी
आठवले नाही, तरी गेलो. अमरावतीहून पुढे चांदूर बाजार. बरोबर एक स्वेटर आणि तिळाच्या लाडवांचा डबा.

गेटवर शाळेच्या गाइड कॅप्टन अनीसा मॅडम. म्हणाल्या, आज भेटीचा दिवस नाही. मी म्हटले, फक्त स्वेटर द्यायचे आहे. तर म्हणे, "भाऊ, तिच्यापाशी तीन हायेत. पोरगी खाऊन राह्यली, झोपून राह्यली. तुमीच वाळून राह्यले." स्वेटर परत. लाडू मात्र घेतले, सगळ्या तुकडीला वाटू म्हणाल्या. त्यातला एक मला दिला. माझ्याच डब्यातला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून तुकडीची लीडर, पायल की कोण, ओरडली, "ए कैलासवासी, लाकडं आन वं!" आणि लाकडे घेऊन धावत आली ती माझी रागिणी.

परतीच्या एसटीत ठरवले: सूड. शब्द जड वाटला. अकोल्यापर्यंत दुसरा शोधला. मिळाला नाही.

१० जानेवारी
पत्रक लिहायला घेतले. 'पालकहो, सावधान!' पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणार. अनीसा मॅडम पुन्हा कोणत्याही गेटवर उभ्या राहू नयेत, एवढाच हेतू. थंडी, मोबाइल बंदी, गेटवर बापाचा अपमान, जिवंत मुलीला मृताच्या पदवीने हाक. एकेक मुद्दा म्हणजे सुरी. फार बरे वाटले.

११ जानेवारी
पत्रक पुन्हा वाचले. अपमान खरेच झाला का? लाडू दिला होता. तो मुद्दा 'गेटवर जाऊन उपयोग नाही' असा केला. मॅडमचे नाव काढले; समोर नसलेल्या माणसाविषयी लिहू नये. थंडीच्या मुद्द्यावर तीन स्वेटर आठवले. 'दोन पुरेत' असे लिहिले. मोबाइलचा मुद्दा गाळला. सूचना कपाटात सापडली, ठळक अक्षरांत आहे.

कैलासवासीपाशी थांबलो. ताट दिले कोणी? बराच वेळ निःपक्षपातीपणे विचार केला. दोष ताटाचा आहे. लिहिले: 'स्मरणार्थ आलेली भांडी मुलांना देऊ नयेत.'

पत्रक आता लहान झाले आहे. पण धार कायम आहे.

१२ जानेवारी
रागिणी आली. काळवंडली आहे, कोपर खरचटले आहे. आली तशी अंघोळ न करता झोपली. पिशवीतून ताट काढले. कडेला पोचे. अक्षरे मात्र शाबूत. दारावरून भंगारवाला चालला होता, देऊन टाकले. तो पैसे देत होता. घेतले नाहीत. सूडात व्यवहार नको. साधनाला सावकाश सांगू.

मग पत्रक ग्रुपवर टाकले. आता बघा म्हणावे.

१३ जानेवारी
अनीसा मॅडमनी पत्रक ग्रुपवर पिन केले आहे. फोनही आला. "भाऊ, एक नंबर लिवलं! गेटवर येऊ नका, दोन स्वेटर पुरे, स्मरणार्थाचं ताट नको. इतकी वर्षं मी बोंबलून राह्यली, कोणी ऐकत नव्हतं. आता सगळ्या शाळांले पाठवते. खाली तुमचं नाव टाकून." मी आभार मानले. का मानले, कळत नाही.

दुपारी रागिणी उठून बोलायला लागली, ती थांबेना. पहिल्या दिवशी तिच्याशी कोणीच बोलत नव्हते. जेवताना पायलने ताट वाचले आणि हसली. "मग सगळ्या हसल्या, मग मीबी हसली, बाबा." मग तुकडीचेच नाव कैलासवासी पडले. ताट तंबूच्या दाराशी टांगले. सकाळी ते बडवून अख्खी रांग उठवायची, हे काम रागिणीचे. तुकडी पहिली आली. आता सगळ्याजणी राज्याच्या मेळाव्याला चालल्या आहेत.

"ताट कुठी हाय, बाबा?"

मी विचारले, कोणते. मग सांगितले.

जाताना जी रडली नाही, ती रडली. साधना रडली नाही. "माझ्या आईचं ताट?" एवढेच म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून भांडी फार मोठ्याने लावते आहे.

भंगारवाला माल टाकतो त्या जुन्या शहरातल्या नबीभाईंच्या गोदामात जाऊन आलो. माल सकाळीच गेला.

रात्री रागिणीच म्हणाली, तसलेच दुसरे चालेल, पोचे आम्ही पाडून घेऊ. उरलेली सगळी ताटे मामाकडे माळ्यावर आहेत म्हणे. उद्या संक्रांत. गोडही बोलावे लागणार.

उद्या: बार्शीटाकळीला जाऊन खुशालरावांकडे एक ताट मागणे.